नारळ परतेपर्यंत

"मामा, डोळे उघडे हायेत ना?" प्रेमाने बांधावरून विचारलं.

"उघडे हायेत."

"मग बोला कायतरी. तुम्ही गप बसलात की मना भ्या वाटतं."

उघाडीच्या दगडी खांबाला पाठ लावून धाकू बसला होता. पायांखालून पावसाचं गढूळ पाणी खळखळत बाहेर, खाडीकडे चाललं होतं. सुनेला बरोबर घेऊन उघाडीवर यायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. सकाळी चुलीतल्या राखेकडे बघत तोच तिला म्हणाला होता, "आज माझ्यासंगं चल. माझा डोळा लागला तर हाक मार." प्रेमाने कारण विचारलं नाही. तिने डोक्यावर इरलं घेतलं आणि सासऱ्याच्या मागून चालू लागली. कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं.

मुलुंड स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरं मागे टाकून खाडीच्या अंगाला गेलं, की गावाची भातखाचरं लागत. खाचरं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता, आणि बांधाच्या पोटात, दोन दगडी खांबांच्या मध्ये, ही उघाडी. ओहोटी लागली की खांबांच्या खाचांतून फळ्या वर ओढायच्या, म्हणजे खाचरांत तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती आली की फळ्या परत खाली सोडायच्या, फटींना चिखल थापायचा, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. काम एवढंच, पण ते दिवसाला चुकत नाही आणि रात्रीलाही चुकत नाही. धाकूच्या आज्याने ते केलं, बापाने केलं. आता तो करत होता. त्याबद्दल गाव त्याला सुगीला भात घाली, आणि उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायचा मान त्याचा.

गेल्या अमावास्येच्या उधाणाला मात्र पाणी आत आलं. फार नव्हतं. दशरथच्या कोपऱ्यातल्या खाचरांत शिरलं आणि थांबलं. पण आठवडाभरात तिथलं आवण, लावणीचं भातरोप, पिवळं पडलं, मग तांबडं झालं, आणि गाव बोलू लागलं की धाकू झोपला होता.

धाकूला झोपल्याचं आठवत नव्हतं. पण झोपलेल्या माणसाला आपण झोपलो होतो हे आठवतं कुठे? तेव्हापासून तो मनाशी तीच संध्याकाळ पुन्हा पुन्हा उलगडून बघत होता. पाणी बाहेर जात होतं. पाणी कधी उलटतं ते कळायला त्याने नेहमीसारखं नारळाचं सोडण, वरची काथ्याची साल, पाण्यात टाकलं. ते खाडीच्या वळणाकडे गेलं. त्याने बिडी पेटवली. आणि मग पाणी पायाला लागलं. बिडी आणि पाणी यांच्यामध्ये जी जागा होती, तिथे काय झालं ते त्याला सापडत नव्हतं. डोळा लागला असणार. दुसरं काय असणार? वय झालं.

जयवंत, त्याचा मुलगा, तर तोंडावरच म्हणाला होता, "बाबा, पुरं झालं आता. गावाला सांग, दुसरा मानूस बघा."

जयवंत उघाडीवर कधी बसला नाही. गेल्या वर्षापासून तो समोरच्या भरावावर मुकादम होता. उघाडीच्या बाहेर, खाडीपर्यंत पूर्वी सगळं खाजण होतं. तिवरांचं दाट बन, गुडघाभर चिखल, चिखलात निवट्यांसारखी मासळी आणि चिंबोऱ्या, वर बगळ्यांची घरटी. दादर-गिरगावातल्या नोकरदार लोकांनी सोसायटी काढून तो तुकडा घेतला. मग तिवरं तुटली, आणि डोंगराकडून लाल मुरमाच्या लॉऱ्या येऊ लागल्या. पहिल्या पावसाच्या आत अर्धं खाजण लाल पठार झालं होतं. आता पाण्याला खाडीकडे जायला भरावाच्या मधून एक सरळ चर तेवढा उरला होता.

"मामा, त्या बगा," प्रेमा म्हणाली.

चिंबोऱ्या बांधावर चढत होत्या. लहान, मोठ्या, नांग्या वर धरून. त्यांच्यामागून निवट्या दगडावर उड्या मारत येत होत्या. अंगात ओल शिरल्यासारखा धाकू शहारला. भरतीची चाहूल चिखलातल्या जिवाला आधी लागते हे खरं, पण इतक्या लवकर? आणि इतक्या सगळ्या?

"त्यांचं घर मोडलंय," तो स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला. "जागा धुंडतायत."

तेवढ्यात गावाकडून माणसं येताना दिसली. आज नारळी पौर्णिमा. गावच्या पंचांतला म्हातारा दशरथ पुढे होता, हातात हळदकुंकू लावलेला नारळ. मागे तरणा धोंडू आणि आणखी पाचसहाजण. पाऊस थांबला होता, पण चार दिवसांच्या झडीने खाचरं अशी भरली होती, की आवणाची नुसती शेंडी पाण्याबाहेर डोलत होती.

धोंडूने प्रेमाला पाहिलं आणि हसला. "धाकूदा, चिमटं काढायला मानूस आणलंस काय?"

"तुझ्या बायकोला पन लागंल तसं मानूस," प्रेमा म्हणाली. "पेरनीच्या दिवशी तू कुटं झोपला व्हतास ते समद्यांना ठावं हाय."

माणसं हसली. दशरथ हसला नाही. त्याने वाकून आतल्या पाण्याची पातळी पाहिली.

"धाकू, नीट ऐक. आवण बुडायला आयलंय. जेवढं पानी जाईल तेवढं जाऊ दे. मागच्या टायमाला उशीर केलास, आता भिऊन घाई करशील. नारळ परतल्याबिगर फळीला हात लावायचा नाय."

"बरं," धाकू म्हणाला.

हा रिवाज जुना होता. एरवीच्या दिवशी सोडण टाकायचं, पौर्णिमेला पुरा नारळ. बाहेर जाणाऱ्या पाण्यात तो सोडला की वाहत वळणापर्यंत जाई, तिथे पाणी थबकलं की जागच्या जागी फिरत राही, आणि भरती उलटली की हळूहळू मागे येऊन उघाडीच्या खांबाला टेकत असे. टेकला की फळ्या टाकायच्या. नारळ बाहेर असताना दार लावलं तर गावदेवी बाहेर राहते, असं म्हणत. वळणावर फिरण्यापासून खांबाला टेकेपर्यंत इतका निवांत वेळ जाई, की धाकूचा बाप त्या वेळात जाळं विंचरून ठेवी. पाणी वाटेत तिवरांत शिरे, चिखलात मुरे, खाजणभर पसरे. उघाडीशी पोचेपर्यंत त्याच्यात जोर म्हणून उरत नसे.

दशरथने नारळ धाकूच्या हाती दिला. तेवढ्यात भरावावरून कुणाची तरी हाक आली. जयवंत एका जोडप्याला घेऊन मुरमाच्या कडेवर उभा होता. धोतर-कोट घातलेले, हातात छत्री असलेले गृहस्थ आणि नऊवारीतली बाई. सोसायटीचे चिटणीस श्यामसुंदरराव, आणि ती त्यांची पत्नी क्षमाबाई. आपला प्लॉट बघायला अधूनमधून येत.

"थांबा हं जरा," क्षमाबाई पलीकडून म्हणाल्या. "आम्हालाही नमस्कार करू दे."

चरावर टाकलेल्या ओंडक्यावरून त्या नवऱ्याचा हात धरून इकडे आल्या. केसातलं अनंताचं फूल काढून त्यांनी नारळावर ठेवलं. श्यामसुंदररावांनी पायातली चप्पल काढली आणि हात जोडले.

"आमच्या गिरगावात चौपाटीवर जायचो आम्ही," क्षमाबाई प्रेमाला म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी इथंच. शेजारीच आलो तुमच्या." मग जयवंतकडे वळून त्यांनी जरा हळू विचारलं, "अहो, उधाणाचं पाणी आमच्याकडे नाही ना येणार?"

"नाय बाई. पुरुषभर भर टाकलाय. तुमच्याकडं कशाला येईल?"

धाकूने ते ऐकलं. तो नारळ पाण्यात सोडायला वाकला होता. मग ते जाणार कुठे, असा एक प्रश्न त्याच्या मनात उठला, आणि पुरता उठायच्या आतच दशरथ म्हणाला, "सोड."

नारळ निघाला. पांढरं फूल पहिल्याच हिसक्याला सुटून वेगळं झालं. धाकू खांबाशी उभा राहिला. फळ्या त्याने उजव्या हाताला रचून ठेवल्या होत्या, शेजारी मळलेल्या चिखलाचा ढीग. बिडी त्याने आज आणलीच नव्हती.

"मामा, डोळे," प्रेमा म्हणाली.

"उघडे हायेत."

नारळ वळणाशी पोचला. पाण्याचा आवाज उतरला. आतलं पाणी अजून बाहेर जात होतं, पण सुस्तावलेलं. धाकूने खाली बसून पाण्यात हात घातला. वरचं पाणी बाहेर जात होतं. पण तळाशी, बोटांच्या टोकांना, काहीतरी उलट येत होतं. गार, जड. त्याने हात काढला, जिभेला लावला.

"दशरथ," तो म्हणाला, "खालून खारं येतंय. फळ्या टाकू?"

"नारळ कुटं हाय?"

"वळनावर."

"फिरतोय ना अजून?"

"फिरतोय."

"मग?" दशरथ वैतागला होता. त्याच्या कोपऱ्यातलं आवण एकदा गेलंच होतं, उरलेलं पाण्याखाली घुसमटत होतं. "आता दार लावलंस तर संध्याकाळपतूर पावसाचं पानी आत. रोप कुजंल. तुला एकदा भ्या बसलंय म्हनून समद्या गावाचं आवण बुडवशील?"

धाकूने बोटांकडे पाहिलं. हीच बोटं, हेच डोळे अमावास्येला फसले होते. ज्याला आपण जागे होतो की निजलो होतो एवढंही सांगता येत नाही, त्याने आज्यापणज्याच्या रिवाजाला खोटं ठरवायचं? नारळ झोपत नाही. नारळाला वय नाही.

तो खांबाला हात लावून उभा राहिला. "परतू दे," म्हणाला.

आणि नारळ परतला. फिरता फिरता तो एकाएकी सरळ झाला आणि दोरीने ओढल्यासारखा चरातून निघाला. वाटेत कुठे थांबला नाही. थांबायला तिवरं नव्हती, चिखल नव्हता, दोन्ही अंगांना मुरमाची भिंत तेवढी होती. त्याच्या मागून पाणी आलं. लाट नव्हती ती. सगळा चरच वर उचलल्यासारखा झाला. नारळ खांबावर ठण्णकन आपटला आणि धाकूच्या पायाजवळून आत गेला.

"फळी," धाकू म्हणाला आणि पहिली फळी खाचेत घातली. ती बसली. दुसरी बसली. तिसरी अर्ध्यावर गेली आणि पाण्याच्या दाबाने तिरकी होऊन अडकली. त्याने तिच्यावर अंगाचा भार टाकला. धोंडू पाण्यात उतरला, त्याने खांदा लावला. प्रेमा चिखलाचे गोळे देत होती आणि गोळा खाली पोचायच्या आत विरघळत होता. फळी कडाडली. पाणी तिच्या वरून, बाजूने, फटीतून आत घुसू लागलं, आणि मग खांबाच्या डाव्या अंगाला बांधाची माती भिजून हलकेच खाली बसली. दशरथने ते पाहिलं. "बांधाला खांड चाललीये," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता, की क्षणभर कुणाला कळलंच नाही.

पुढे सगळेच पाण्यात होते. गोणपाटं, पेंढ्या, कुणाचं तरी इरलं, जे हाती लागलं ते खांडीत टाकलं जात होतं आणि वाहून जात होतं. धाकूने खांबाला मिठी मारली होती, आणि त्याचे पाय खालून ओढले जात होते. प्रेमाने त्याच्या कमरेच्या पंच्याला घट्ट धरलं होतं. पलीकडून जयवंत ओरडत होता. मग लॉरीचा आवाज आला. भरावाची लॉरी त्याने बांधाच्या तुटक्या टोकाला उलटी आणून लावली होती, आणि लाल मुरूम धडधडत खांडीत कोसळला. एक खेप. मग दुसरी. दुसऱ्या खेपेनंतर पाणी दबलं. उघाडीही त्याखाली गाडली गेली.

तोवर सारी खाचरं भरली होती. आवणाची शेंडीसुद्धा कुठे दिसत नव्हती. बांधाच्या दोन्ही बाजूंना एकसारखं, एका उंचीचं पाणी होतं, आणि वर ऊन पडलं होतं.

माणसं बांधावर बसली. भरावाच्या कडेवर श्यामसुंदरराव आणि क्षमाबाई अजून उभे होते. त्यांच्या पायाखालचा मुरूम कोरडा होता. क्षमाबाईंनी जयवंतला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. जयवंतने मान खाली घातली. श्यामसुंदररावांनी उघडलेली छत्री मिटली, पुन्हा उघडली, आणि मग ते बायकोला घेऊन स्टेशनच्या वाटेला लागले.

खूप वेळाने दशरथ धाकूशेजारी येऊन टेकला.

"धाकू, डोळा लागला व्हता का रे?"

धाकूने त्याच्याकडे पाहिलं. विचारण्यात राग नव्हता, आर्जव होतं.

"लागला असंल तर बोल," दशरथ म्हणाला. "तुला कोन काय बोलनार नाय. मी बगतो. पुढच्या सालाला धोंडू बसंल उघाडीवर, तरना हाय. पुन्ना आवण लावू. मानूस चुकलं तर दुसरं मानूस बसवता येतं."

जयवंत मुरमाने माखलेला समोर उभा होता. त्याचे डोळे बापावर खिळले होते. त्या डोळ्यांतही तेच मागणं होतं. भरावावर त्याच्या हाताखाली गावातलेच लोक कामाला होते, आणि संतापलेले लोकही गावातलेच होते. बापाने हो म्हटलं, की सगळं जिथल्या तिथे राहणार होतं.

आणि धाकूला कळलं की आपल्यालाही तेच हवं आहे. गेल्या अमावास्येपासून जे ओझं तो छातीवर वागवत होता, ते काढून घ्यायला आज कुणी आलं असतं तर त्याने ते घट्ट धरून ठेवलं असतं. डोळा लागला असता तर किती बरं झालं असतं.

"बोला ना मामा," प्रेमा म्हणाली. तिचा हात फळीने सोलपटला होता. "का मी बोलू? मी बसलेय इथं सकाळपासनं."

"मी जागा व्हतो," धाकू म्हणाला.

दशरथने मान वर केली.

"आज पन जागा व्हतो. अवसेला पन जागा व्हतो." त्याचा आवाज कापला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. "पानी लवकर आयलं."

"कशानं लवकर आयलं?" धोंडूने विचारलं.

धाकूने समोरच्या भरावाकडे पाहिलं. धोंडूने त्याच्या नजरेबरोबर तिकडे पाहिलं. हळूहळू सगळेच पाहू लागले. लाल पठार उन्हात वाळत होतं, त्यावर चुन्याने आखलेले प्लॉट होते, आणि वस्तीला जागा न उरलेले बगळे त्या चुन्याच्या रेघांवर एका ओळीत उभे होते. धोंडूच्या हातात पहार होती. त्याने ती एकदा उचलली, जयवंतकडे पाहिलं. जयवंत जागचा सरकला नाही. मग धोंडूने पहार बांधात खोचून ठेवली आणि तो घराकडे निघाला. त्याच्यामागून एकेक करून बाकीचे गेले. दशरथ सगळ्यांच्या शेवटी उठला. गुडघ्यावर हात ठेवून उठताना त्याला वेळ लागला.

"आता कुनाला बसवायचं?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता गेला.

उतरत्या उन्हात ओहोटी लागली. बाहेरचं पाणी चरातून खाली गेलं, आतलं तसंच राहिलं. उघाडी मुरमाखाली होती. धाकूने धोंडूची पहार उपसली आणि खणायला सुरुवात केली.

"आता कशाला, बाबा?" जयवंत म्हणाला.

"आत आयलंय ते बाहेर नको जायला?"

जयवंतने घमेलं घेतलं. बापलेक कडेकडेने मुरूम उपसत राहिले. एकदा जयवंत थांबून म्हणाला, "मना ठावं नव्हतं." धाकू म्हणाला, "मना तरी कुटं." अडकलेली फळी हाती लागली. तिच्या खालून आधी एक बारीक धार फुटली, मग पाणी मोकळं झालं. लाल, जड पाणी खाडीकडे जाऊ लागलं.

प्रेमा आत उतरली होती. उतरत्या पाण्यात आवणाच्या शेंड्या पुन्हा दिसू लागल्या होत्या, हिरव्यागार, काहीच न झाल्यासारख्या. पिवळं पडायला त्यांना अजून आठवडा होता. आपल्याच खाचरात, कडेच्या मेरेला अडकलेला नारळ तिला सापडला. तो तिने पदराने पुसून आणला.

"फोडायचा ना? समद्यांना वाटायचा असतो."

धाकूने नारळ हातात घेतला, कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं. त्याने तो खांबावर ठेवला आणि फळ्या धुवायला घेतल्या. मोडलेल्या फळीच्या जागी जयवंतने भरावावरची एक नवी फळी आणून दिली होती. ती खाचेत घट्ट बसत होती. धाकूने कोयत्याने तिची कड तासली.

तिन्हीसांजेला फळ्या खाचांच्या तोंडाशी ओळीने उभ्या केल्या. पुढची भरती यायला बराच अवकाश होता. पाणी अजून जोरात बाहेर जात होतं. धाकूने सवयीने सोडण हातात घेतलं, क्षणभर तोललं, आणि बाजूला ठेवलं. मग खाली वाकून त्याने पाण्यात हात घातला आणि बोटं तळापर्यंत नेली.

"थांबू का मी?" प्रेमाने विचारलं. "रात्रीला पन?"

"तू जा घरला," धाकू म्हणाला. "मना जागं ठेवायला आता कोन नको."

ती निघाली. बांधावरून थोडं गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. तो तसाच वाकलेला होता, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि खांबावरचा नारळ त्याच्या डोक्याच्या उंचीला दिसत होता.